गिरणीच्या पिनकोडची थैली

मित्रांनो, मी नांदुऱ्याच्या टपालघरात खुंटीला लटकलेली एक जुनी कॅनव्हासची थैली आहे. आज माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण एके काळी माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

पिनकोडचे शेवटचे तीन आकडे टपालघर दाखवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या सूतगिरणीला मात्र रोज इतकं टपाल यायचं, की तिला स्वतंत्र पिन मिळाला होता. तो आकडा दिसला, की पाकीट थेट माझ्या पोटात! माझं तोंड उघडायचं ते गिरणीच्या फाटकावरच. गिरणीच्या चाळीला खरं तर गावाचा पिन होता. पण चाळीतली माणसं अभिमानानं गिरणीचाच लिहायची. गिरणीचा शिपाई सहदेव हसत हसत त्यांचं टपाल वेगळं काढायचा आणि घरोघर पोचवायचा.

मग गिरणी बंद पडली. सहदेव धाड गावी मुलाकडे राहायला गेला. गिरणीच्या पिनवर अजून काहीबाही येतं, ते माझ्यात टाकून मला पुन्हा खुंटीला टांगतात. त्या फाटकाची फार आठवण येते हो!

परवा चाळीतल्या तानाबाई आल्या. गिरणीच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. कानातलं मशीन त्यांनी दुरुस्तीला पाठवलं होतं.

"नात रोज फोन करते, मले काहीच आयकू येत नाही. मशीन काऊन नाही आलं वो?"

"चाळीच्या टपालात नाही, आजी!" पोस्टमास्तर मंजुश्रीताई ओरडल्या. तानाबाईंना फक्त त्यांची हलणारी मान दिसली. त्या हिरमुसून वळल्या. अरे देवा, पार्सल तर माझ्या पोटात होतं! पण थैलीला कुठला आवाज?

तेवढ्यात ताईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पिन कोणता दिला?'

"आपला! गिरणीचा! दुसरा कोनता देऊ?"

ताईंनी कपाळावर हात मारला आणि मला खाली उतरवलं.

तानाबाईंनी तिथंच मशीन कानात घातलं आणि नातीला फोन लावला. "हाव अर्पिता, आयकू आलं! बोल माय, बोलतच राह्य!" त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मलाही भरून आलं.

फोन ठेवल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "आजी, यापुढं गावाचा पिन लिहा. गिरणी आता राहिली नाही."

तानाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला.

"हाव," त्या म्हणाल्या, "हेबी आयकू आलं."

मित्रांनो, जीव कुठंही गुंतलेला असू द्या, पण पत्त्यावर पिन मात्र आज राहता तिथलाच लिहा. कुणीतरी वाट पाहत असतं.