चिखलातली सुनावणी

पोटऱ्या बघून माणसाचं गाव ओळखावं ते वासेमाधानं. डोंगरातल्याची पोटरी चढ चढून आवळलेली, नदीकाठच्याची लांबट, आणि यानुबुला बेटावरच्याची अशी गोल, की गुडघ्याखाली नीरफणस टांगलाय म्हणावं. अडुसष्ट वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता. एकदोघं चुकीच्या गावात जन्माला आले होते, त्याला ती काय करणार!

त्या सकाळी राजधानीहून, सुवाहून सरकारी होडी आली, तेव्हा मात्र ती पोटऱ्या सोडून नकाशाकडे बघत होती. किनारा राखायचाही आणि त्याचा विकासही करायचा, हे दोन्ही एका दमात कसं साधायचं याचा आराखडा सरकारनं केला होता. त्यावर गावाचं म्हणणं ऐकायची ही तिसरी आणि शेवटची बैठक. सभाघराच्या कुडावर नकाशा टांगला होता. समुद्रातली प्रवाळाची रांग निळी, म्हणजे राखीव. गाव हिरवं. आणि गावामागचं तिवरांचं बन, जिथं ओहोटी लागली की गावातल्या झाडून सगळ्या बायका चिंबोऱ्या धरायला उतरत, ते राखाडी.

"राखाडी म्हणजे काय गं?" तिनं तोकासाला विचारलं. तोकासा तिची नणंद. घरात चष्मा एकटीकडे, म्हणून वाचायचं काम तिचं.

"'पडीक' लिहिलंय. तिथं पाहुण्यांच्या बोटींना धक्का बांधणार म्हणे."

"पडीक? माझी पाच पोरं त्या पडिकावर वाढली!"

"चिंबोऱ्यांच्या कालवणावर वाढली, वहिनी. पडिकावर नाही."

"तू चष्मा पूस आणि गप बस."

आज त्या कागदावर साहेबाची सही झाली, की राखाडी ते कायमचं राखाडी.

बायकांना सभेत बोलायला बंदी नव्हती. वेळ नव्हता, एवढंच. त्या बसायच्या दाराजवळ, खालच्या अंगाला. वर पुरुष, मध्ये यंगोनाचं, म्हणजे मुळी कुटून केलेल्या पेयाचं मोठं लाकडी पातेलं. करवंटी भरायची, टाळी वाजवायची, प्यायचं, पुन्हा टाळ्या वाजवायच्या, मग एकेकानं बोलायचं. फिरत फिरत करवंटी दारापर्यंत यायची तोवर पातेलं कोरडं, पुरुषांच्या जिभा जड आणि साहेबाची होडी भरतीवर निघायला टेकलेली. गेल्या दोन्ही खेपांना बायकांचं म्हणणं म्हणून कागदावर 'आभार' एवढंच गेलं होतं.

मुखिया इलाइतियानं पाहुण्यांच्या स्वागताला तोंड उघडलं. तो वासेमाधाच्या नवऱ्याचा पुतण्या. आमच्याकडे भर सभेत पाहुण्याचं नाव घेत नाहीत, त्याच्या घराण्याला हाक मारतात. इलाइतियानं सुवाहून आलेल्या चिठ्ठीवरची घराणी तशीच म्हणून दाखवली: "डोंगरातल्या थोर घराण्याला आणि यानुबुलाच्या थोर घराण्याला आमचा नमस्कार असो."

वासेमाधाचे कान टवकारले. यानुबुला!

यानुबुला आणि आमचं गाव म्हणजे थट्टेचं नातं. दोघांचा मूळ देव एक, त्यामुळे सात पिढ्यांचा परवाना. यानुबुलाचा माणूस दिसला की त्याला वाट्टेल ते बोलावं, त्याच्या हातातलं ओढून घ्यावं, त्याला पाण्यात ढकलावं. त्यानं रागवायचं नाही. आणि मुख्य म्हणजे थट्टा चालू असताना मध्ये पडून कुणी कुणाला गप्प करायचं नाही, मग सभा असो की मयत.

पाहुणे दोनच. एक आपेनिसा साहेब, काळा चष्मा डोक्यावर चढवलेला. दुसरी कागदं लिहिणारी वितालिना, सडपातळ पोरगी, पाय कमरेला गुंडाळलेल्या सुलूखाली झाकून बसलेली. साहेबाच्या पोटऱ्या तेवढ्या उघड्या होत्या. गोल. अगदी गोल.

"तोकासा," ती म्हणाली, "आज मला कुणी गप्प बसवून दाखवावं."

आणि ती उठली. सभेत वाकून चालायचं सोडून ती ताठ मानेनं, सरळ पातेल्याच्या बाजूनं वर गेली.

"काय रे यानुबुलाच्या चोरा!" ती कडाडली. "तुझ्या पणज्यानं आमची होडी चोरली, आणि वल्ही विसरला म्हणून परत मागायला आला, आठवतं का?"

सभाघर खदखदलं. पुरुषांनी मांड्या बडवल्या. साहेब आधी दचकला, मग कसनुसा हसला. लोकांचं शांतपणे ऐकून घ्या, असं त्याला शिकवून पाठवलं होतं.

"नोंद घेतो," तो म्हणाला.

"नोंद कसली घेतोस, चष्मा दे!" तिनं त्याच्या डोक्यावरचा चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर ठेवला. वितालिनानं सुलूचं टोक तोंडात कोंबलं. तिचे खांदे गदागदा हलत होते. "आणि हे पडीक कुणी लिहिलं? चल, दाखवते तुझं पडीक!"

मनगट धरून तिनं साहेबाला दारातून बाहेर काढलं. मागून सगळं गाव, बायका सगळ्यात पुढे. ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांतून बायका सरसर गेल्या, कारण पाय कुठं टाकायचा ते त्यांच्या टाचांना ठाऊक. साहेबानं पाय टाकला तो नेमका नको तिथं. एक पाय गुडघ्यापर्यंत, दुसरा मांडीपर्यंत. बूट गेला तो गेलाच.

"हे बीळ बघ. हे बघ. तुझ्या डाव्या पायाखाली चिंबोरीचं घर आहे, तिला विचार ती पडीक आहे का!"

चिंबोरीनं उत्तर दिलं. साहेब ओरडला, तो पार प्रवाळापर्यंत ऐकू गेला.

"आई गं! मावशी, पण मला का? मी आयुष्यात यानुबुला पाहिलेलं नाही!"

"मग कुठला तू?"

"डोंगरातला! आमच्या गावाला समुद्रसुद्धा दिसत नाही!"

डोंगरातल्यांशी आमचं थट्टेचं काहीच नातं नाही. परक्या पाहुण्याच्या डोक्याला हात लावला म्हणजे त्याच्या पूर्वजांना हात लावला. वासेमाधाच्या नाकावर तर त्याचा चष्मा होता.

"या पोटऱ्या मग कुणाच्या?" तिनं अजून हार मानली नव्हती.

"सायकल चालवतो मी! सुवात!"

"काकी," इलाइतिया कळवळून म्हणाला, "माफी माग. आत्ता. गावाची लाज तुझ्या हातात आहे."

वासेमाधानं जन्मात एकदाच माफी मागितली होती, तीही डुकराची. पण गावाची लाज म्हणजे लाज. माफी मागणाऱ्यानं समोरच्याहून खाली बसायचं असतं, आणि समोरचा तर मांडीपर्यंत रुतलेला. ती गुडघ्यांवर बसली, तरी डोकं त्याच्या छातीच्या खाली जाईना. मांडी घातली. अजून थोडं. शेवटी ती बगलेपर्यंत गाळात शिरली, आणि केसांत गोगलगाय घेऊन म्हणाली, "चुकले, साहेब. जीभ माझी, दोष माझा, गावाचा नाही."

साहेबानं तिच्याकडे पाहिलं. ओठ थरथरले. मग तो असा हसायला लागला की आणखी चार बोटं खाली गेला.

"दिली माफी! दिली! आता आधी मला काढा!"

बायकांनी ओंडका टाकून दोघांनाही ओढून काढलं. पण वासेमाधाचं काम कुठं झालं होतं? "माफी झाली. आता रंग बदला," ती म्हणाली.

साहेबाचं हसू ओसरलं. "मावशी, ते माझ्या हातात नाही. मी जागेची पाहणी करून तिथं लोकांचं पोट चालतं असं लिहिलं, तरच 'पडीक' निघतं. पाहणीला वेगळा दिवस लागतो. आज तर सही करायचीय."

"मग ही काय वरात होती?"

"हा... अपघात होता."

तिवराच्या मुळावर फळी टेकवून वितालिना लिहीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बरं साहेब. 'चुकीच्या माणसाला गावातल्या आजीनं चिखलात ओढलं. चिंबोरी चावली. बूट हरवला.' असंच लिहू ना? सुवाला वरपर्यंत वाचतात हे."

साहेबानं गुडघ्यावरचा गाळ निपटला. सुवाच्या कचेरीतली वरच्या मजल्यावरची माणसं त्याला डोळ्यांसमोर दिसत असावीत, चहा पिता पिता वाचणारी.

"पाहणी लिही," तो शेवटी म्हणाला.

"अधिकाऱ्यानं स्वतः उतरून केलेली पाहणी?"

"मांडीपर्यंत उतरून," साहेब म्हणाला. "चिंबोऱ्या भरपूर. मी साक्षीदार आहे."

आणि त्यानं तिथंच, उभ्या उभ्या सही केली. 'पडीक' खोडलं. बाजूला चिखलाचा अंगठाही उमटला, तो पुसू नका असं तोच म्हणाला. बायकांनी असा गलका केला की बगळ्यांचा थवाच उठला. तोकासानं चष्मा लावून कागद तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा तेच निघालं म्हणून रडली.

"पण मला एक सांग पोरी," वासेमाधानं वितालिनाला विचारलं, "ती यानुबुलाची मग कोण?"

वितालिनानं कागद पिशवीत घातले, पिशवी साहेबाच्या गळ्यात अडकवली आणि केस वर बांधले. "मी, आजी."

"आणि मघापासून मुकाट बसलीस?"

"सांगितलं असतं तर आमच्या बेटानं मला परत घेतलं असतं का? एवढी गंमत कुणी मोडतं? आणि आमच्या पणज्याबद्दल काय म्हणालीस मघाशी? वल्ही विसरला?" तिनं वाकून दोन्ही मुठी गाळानं भरल्या. "आता मी कामावर नाही."

"इलाइतिया! हिला आवर!"

"मध्ये पडायचं नसतं, काकी," मुखिया हात जोडून म्हणाला.

मग अडुसष्ट वर्षांची वासेमाधा तिवरांच्या मुळांवरून अशी पळत सुटली की तरण्या पोरींनी वाट सोडली. सुलू गुडघ्यावर, तोंडानं यानुबुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार, मागं वितालिना. आणि दोघींच्या मागं एक बूट घातलेला साहेब ओरडत होता, "उजवीकडून, वितालिना! उजवीकडे गाळ कमी आहे, मी पाहणी केलीय!"