विजयदेवतेचा दोर

पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावर कुणी शीळ घालत नाही. वर तुळयांवर दोर धरून उभ्या असलेल्या माणसांना शीळ हीच आज्ञा. भलत्या वेळी वाजली, तर भलतंच काहीतरी खाली यायचं. बार्नाबेला ही शीळ गेली दोन वर्षं ऐकू येत नव्हती.

म्हाताऱ्याने झाकली मूठ बरी सांभाळली होती. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. तुळईवर अनवाणी उभा राहायचा, कारण प्रत्येक ऑपेराच्या शेवटी जेत्याच्या मिरवणुकीत नगारे वाजणारच, आणि ते तळपायांना कळायचे. त्या ठोक्यांवर तो दोर सोडी, आणि दोराला टांगलेल्या लाकडी ढगात बसलेली गायिका पेरीन अलगद खाली येई. प्रयोगानंतर ती विचारायची, "काका, कसं गायले?"

"झकास, पोरी," हा लबाड सांगायचा.

मग सिकंदराचा नवा ऑपेरा आला. शेवटी सिकंदर आपल्या मेलेल्या शत्रूचं, इराणच्या दारा राजाचं डोकं मांडीवर घेऊन रडतो. नगारे थांबतात. एकटी बासरी उरते, शिपाई भाले घेऊन बाजूला होतात, शीळ वाजते आणि मोकळ्या जागी विजयदेवता उतरते. कापडी आभाळामुळे वरून खालचं काही दिसत नसे. बार्नाबेचे तळपाय आता काय सांगणार होते? चार रात्री त्याला अन्न गोड लागलं नाही.

तालमीच्या सकाळी पेरीन ढगात बसली आणि कमरेचा पट्टा आवळत म्हणाली, "दोर तुमच्याकडेच ना? मग मला कसली भीती."

बार्नाबेने दोर खुंटीला बांधला.

"उतर, पोरी. मला शीळ ऐकू येत नाही."

"सकाळी सकाळी चढवलीत वाटतं," ती हसली. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू गेलं.

मुकादमाने दोर दुसऱ्याच्या हाती दिला. "अठ्ठावीस वर्षं केलंस. आता खाली बसून बघ," एवढंच तो म्हणाला. बार्नाबे रिकाम्या बाकावर बसला. खालून ढग कसा दिसतो, हे त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. भाले बाजूला झाले, पेरीन उतरली, तिचे ओठ हलत राहिले. त्याला रडू आवरेना.

तालीम संपल्यावर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. रागावली होती.

"म्हणजे दोन वर्षं माझं गाणं ऐकलंच नाहीत?"

"नाही."

"मग रोज झकास कशाच्या जोरावर म्हणायचात?"

"तू समोर येऊन विचारायचीस ना," बार्नाबे म्हणाला. "म्हणजे धड उतरलेली असायचीस."