मलमाचा हात

२००८ साली राई गावात भाजीच्या वाड्या अजून थोड्याफार शिल्लक होत्या. शांती नगरजवळच्या एका वसाहतीचं सांडपाणी शुद्ध होऊन पाइपाने धाकूच्या वाडीला यायचं. विहीर खारट, म्हणून त्याचा माठ आणि पालक या पाण्यावरच.

माणसं गिळतात ती औषधं अशा शुद्ध केलेल्या पाण्यातही उरतात का, हे एका प्रयोगशाळेतले सर तपासत होते. दर महिन्याला नमुना आणायची त्यांची मदतनीस दुर्गा. या खेपेला पाण्यात दुखण्यावरचं एक औषध एकदम वीसपट निघालं. सरांनी वसाहतीला कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी वाडीचं पाणी बंद झालं.

निकालात औषधाचं नाव वाचताच दुर्गाला नमुना घेतला तो दिवस आठवला. त्या सकाळी तिने आईचे गुडघे चोळले होते. मलमात तेच औषध. हात पदराला पुसून ती निघाली. वसाहतीतल्या शुद्ध पाण्याच्या टाकीवर नमुन्याच्या बाटलीचं झाकण निघेना, म्हणून तिने हातमोजा काढला आणि घरी तांब्या विसळतात तशी आतून बोट फिरवून बाटली विसळली.

नोकरी जाईल या भीतीने ती आठ दिवस गप्प राहिली. नवव्या दिवशी तिने राई गाठली.

"ये गो दुर्गा," धाकू म्हणाला. "तुजे सर सांगतात, पान्यात गुडघ्याचं औषध हाय. मंग माजी म्हातारी तीन वरसं ह्योच पालक खाते, ती अजून लंगडते कशी?"

दुर्गाला हसू फुटलं आणि लगेच रडू.

"काका, औषध माझ्या हाताला होतं." तिने सगळं सांगितलं.

"कवा कललं तुला?"

"निकाल आला त्याच दिवशी."

धाकूने वाफ्यातलं एक सुकलेलं रोप उपटलं. "तवाच बोलली असतीस तर अर्धी वाडी वाचली असती. मना सांगून काय? पानी मी सोडतो व्हय? सरांना सांग."

'जाऊ दे पोरी' एवढं तरी तो म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला नाही.

सरांनी ऐकून घेतलं. "आधीचे महिने ठीक होते. हा निकाल रद्द करतो. नवा नमुना आपली दुसरी मदतनीस, नेहा, आणेल."

"आणि मी?"

"तुझं नंतर बघू."

वसाहतीला द्यायच्या पत्रात त्यांनी कारण लिहिलं, 'नमुना घेताना झालेली चूक.' दुर्गाने पेन मागून घेतलं, 'झालेली'च्या आधी 'दुर्गाकडून' असं लिहिलं आणि पत्र द्यायला स्वतःच निघाली.