हाराआडचे बटण

मित्रांनो, मी एक जुना कपॅसिटर आहे. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत राहतो. मी फिरत नाही, काही घडवत नाही. त्यामुळे बारा वर्षांत माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. खरे सांगतो, मला त्याचा रागच होता.

माझे काम साधे आहे. मोटारींना कामाच्या विजेखेरीज थोडी जास्तीची वीज लागते. शेजारून वाटीभर साखर उसनी आणावी, तशी त्या ती घेतात आणि लगेच परत करतात. अभियंते तिला रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. मी जवळ असलो, की ही देवघेव आमच्यातच मिटते. नसलो, तर ती लांबच्या तारांवरून होते आणि बिल फुगते.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मात्र नवल घडले. यंत्रे पुसायला सारी वीज बंद केली होती. दुसऱ्या पाळीत सुटे भाग तपासणाऱ्या शालनबाई रोज माझी पेटीही पुसतात. त्यांनी त्या दिवशी पेटीवरच्या माझ्या बटणावर झेंडूचा हार घातला. माझी पहिली पूजा! मी हरखून गेलो. नंतर सगळी बटणे चालू झाली, माझे तेवढे हाराआड राहून गेले. हार वाळला, तरी पूजेचा म्हणून तो कोणी काढेना.

दोन महिने बिल चढतच गेले. मालक दौलतराव हवालदिल झाले.

"या जुन्या मोटारी वीज खातायत. एक तारखेपासून दुसरी पाळी बंद," त्यांनी जाहीर केले.

शालनबाईंसह सहा जणींचे काम जाणार होते. आणि मी तर मुका!

शालनबाई हातातले फडके घेऊन तशाच पुढे आल्या. "मालक, ह्यो डबा गुणगुणायचा. दसऱ्यापासनं गप हाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला कोण इचारतंय?"

दौलतराव ओशाळले. त्यांनी वायरमन ओंकारला बोलावले. त्याने हार बाजूला केला आणि कपाळावर हात मारला.

"मालक, कपॅसिटरच बंद आहे राव! मोटारींचा काय दोष?"

बटण चालू झाले आणि मी पुन्हा गुणगुणू लागलो. शालनबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. पुढचे बिल उतरले, दुसरी पाळी चालू राहिली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

यंदाच्या खंडेनवमीला शालनबाईंनी हार पेटीच्या दाराच्या कडीला अडकवला आणि घरी जाण्याआधी पेटीपाशी क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या. मित्रांनो, माझ्यासारख्यांना हार नाही घातला तरी चालेल. पण रोज गुणगुणणारे कोणी गप्प झाले, तर एकदा जवळ जाऊन विचारा.