विजारीच्या दोन मुठी

वेल्डन कॉलेजच्या संघाने सहा सामने खेळले आणि सहाच्या सहा हरले. प्राचार्यांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, थँक्सगिव्हिंगच्या सणाला हार्लो कॉलेजला हरवलं नाही, तर हा धसमुसळा फुटबॉल कायमचा बंद. बरोबरीही चालणार नाही.

संघातला ऑरिन पीक सगळ्यांत जास्त हादरला. चेंडू हातात धरून समोरच्यांच्या रेषेपार न्यायचा हा अमेरिकी खेळ म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि अंगाने तर अख्ख्या ओहायोत असा किडकिडीत खेळाडू सापडायचा नाही. म्हणून तर कप्तान थॅड ब्रिग्जने त्याच्या विजारीला कमरेशी दोन कातडी मुठी शिवून घेतल्या होत्या, प्रवासाच्या बॅगेला असतात तशा. ऑरिनने चेंडू पोटाशी धरायचा, दोघांनी मुठींना धरून त्याला उचलायचं आणि समोरच्या गर्दीवरून पलीकडे भिरकावायचं. त्या काळच्या नियमात बसत होतं हो सगळं! पोरं त्याला 'सामान' म्हणत. ऑरिन वरवर हसायचा, पण आतून जळायचा. त्यालाही पाय होते की.

सामन्याला सगळं गाव लोटलं. पण हार्लोचा धिप्पाड लूथर गॅम्बल भलताच बेरकी निघाला. ऑरिन उडाला रे उडाला की हा मूठ पकडून त्याला खाली खेचायचा. चार वेळा बिचारा चिखलात आपटला.

मध्यंतरात ऑरिनने चाकू काढला आणि मुठींचे टाके उसवले. प्रत्येकीला दोनच टाके ठेवले.

थॅडने पाहिलं. "डोकं फिरलंय का तुझं? आता उचलायचं कशाला धरून?"

"उचलूच नकोस. चेंडू दे, मी पळतो."

"सामान कधी आपणहून चाललंय का, लेका?"

"एकदा देऊन तर बघ. नाहीतरी उद्यापासून घरीच बसायचंय."

थॅड ऐकतोय कसला! चेंडू इतरांनाच देत राहिला. तीन मिनिटं उरली तरी शून्य-शून्यच. वेल्डनचे दोघं लंगडत होते, आणि तेव्हा बदली खेळाडू घ्यायची सोयच नव्हती. शेवटी थॅडने चेंडू ऑरिनच्या पोटात खुपसला.

ऑरिन सुटला. लूथरने नेहमीप्रमाणे मागून मूठ धरली आणि सगळा जोर लावून खेचली. टर्रकन आवाज झाला, मूठ हातात आली आणि गडी चिखलात फतकल मारून बसला. ऑरिनने मागे वळूनही पाहिलं नाही. चाळीस यार्ड! छाती फुटेस्तोवर पळाला, समोर कुणी नाही, कानात नुसता गलका, आणि त्याने रेषेपलीकडे चेंडू टेकवला तेव्हा त्याला हसू आवरेना.

उरलेला वेळ सरला आणि शेवटची शिट्टी वाजली. वेल्डन जिंकलं, फुटबॉल वाचला. सगळे त्याला उचलून घ्यायला धावत आले, आणि थॅडचे हात सवयीने त्याच्या कमरेशी मुठी चाचपू लागले.

ऑरिनने ते हात बाजूला केले.

"राहू दे," तो म्हणाला. "मी चालत येतो."