अंगावर आलेला चेंडू

चेंडू बरगडीवर बसला तेव्हा आधी आवाज आला, मग कळ. आणि कळ येताच मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! बेसबॉलमध्ये पिचरचा चेंडू बॅटरच्या अंगाला लागला की तिला फुकटात पहिला बेस मिळतो. आमच्या पोरी तिन्ही बेसवर उभ्या होत्या. मी पहिल्यावर गेले की सगळ्यांनी एकेक बेस पुढं सरकायचं, तिसऱ्यावरच्या प्रतीक्षानं माझ्या पायाजवळची होम प्लेट गाठायची, म्हणजे एक रन, म्हणजे बरोबरी. माझ्यामागून मल्लेश्वरी येणार होती, आणि ती चेंडू मारत नाही, हाणते.

शेवटची इनिंग होती. दोघी बाद झालेल्या, तिसरी गेली की खेळ खलास; माझे दोन स्ट्राइक गेलेले, तिसऱ्याला मीही बाद; आणि आमचा बिदर जिल्हा कलबुर्गीच्या एका रननं मागं. जिंकेल तो राज्यस्पर्धेला जाणार. राज्याला खेळलं की खेळाच्या कोट्यातून कॉलेजची सीट, हॉस्टेल, सगळं. हरलं की सोमवारपासून बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात पॅकिंग, अक्का करते तेच. अप्पानं ठेकेदाराला तसा शब्दच देऊन ठेवला होता.

"जिंकलीस तर शिक, तुळजा. न्हाईतर अक्कासंगं जा. मी एकटा किती वडू?" असं म्हणाला होता तो. माणूस वाईट नाही. राहिलेली मेंढरं दिवसभरापुरती शेजाऱ्यावर टाकून तो पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आमच्या बिदरकडच्या मेहकरहून थेट कलबुर्गीजवळच्या कडगंचीला आला होता, आणि मैदानाच्या दोरीपलीकडं घोंगडं अंथरून बसला होता.

मी बॅट टाकली आणि पहिल्या बेसकडं निघाले. मागून अंपायर बसवप्रभु सरांचा आवाज आला, "थांब. परत ये."

त्यांनी तोंडावरची जाळी वर केली. "चेंडू लागला, पण तू चुकवायचा प्रयत्न केला नाहीस. बेस मिळणार नाही. पुन्हा खेळ."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बरगडी माझी, मार मला, आणि निवाडा करणार हे! आमच्या दानेश्वरी टीचर धावतच आत आल्या. "सर, एवढ्या जोरात आला चेंडू. पोरीला वेळ कुठं होता?"

"वेळ होता, टीचर. डोळे उघडे होते तिचे, बघत होती. नुसता खांदा वळवला असता तरी मी बेस दिला असता." सरांनी बेसजवळच्या दुसऱ्या अंपायरला कन्नडमध्ये विचारलं. तो मान हलवत म्हणाला, "अवळु अल्लाडलिल्ला." ती हललीच नाही.

नव्हतेच हलले. तिथंच सगळी गोची होती. आम्ही धनगर. आमच्यात पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हे शिकवतात: मेंढा डोकं खाली घालून अंगावर आला की पळायचं नाही, हलायचं नाही. हललं की तो धडक देतोच. उभं राहिलं की बाजूनं निघून जातो. या उभं राहण्यावरच तर टीचरनी मला संघात घेतलं होतं. बाकीच्या पोरी चेंडू बघून मागं सरकायच्या, मी नाही. कलबुर्गीची पिचर रत्नम्मा एक वाकडा चेंडू टाकते, आधी अंगावर येतो आणि शेवटाला प्लेटवर वळतो; न मारता सोडला तरी स्ट्राइकच. आमच्या अर्ध्या संघाला तिनं त्यावर नाचवलं होतं. मी मात्र त्याच चेंडूवर दोनदा मारून बेस गाठला होता, कारण मी जागची हलले नव्हते.

"सर, आमी धनगराची माणसं," मी अक्षरशः हात जोडले. "अंगावर काय आलं की आमी हालत न्हाई. मुद्दाम न्हाई केलं, आईशप्पत."

सरांचा आवाज जरा मऊ झाला. "मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही, बाळ. तुझ्या मनातलं मला दिसत नाही. हललीस की नाही, तेवढंच दिसतं."

"आन् परत लागला तर? आन् मी हालले तर?"

"तर बेस."

टीचर जाता जाता माझ्या कानात म्हणाल्या, "हल, तुळजा. काहीही कर, पण हल."

मी बॅट उचलली. बरगडी ठणकत होती, श्वास पुरा होत नव्हता. पॅकिंगच्या धुळीनं खोकणारी अक्का डोळ्यांपुढं आली. मैलारच्या मल्लण्णा देवा, मी मनात म्हणाले, दात पडू दे, हाड मोडू दे, पण चेंडू माझ्या अंगावर घाल. एवढी लाचार मी जन्मात कधी झाले नव्हते. आता मला मारायचंच नव्हतं. मला लागायचं होतं.

रत्नम्मानं हात फिरवला. चेंडू सुटला आणि सरळ माझ्या खांद्यावर यायला लागला. ऐकलं देवानं! पाय सांगत होते, उभी राहा. मी त्यांचं ऐकलं नाही. खांदा वळवला, अंग चोरलं, सगळ्या मैदानाला दिसेल अशी मागं सरकले आणि डोळे मिटून लागायची वाट बघितली.

लागलं काहीच नाही. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर हातमोजा प्लेटच्या बरोबर मागं होता, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. वाकडा चेंडू होता तो. माझाच चेंडू.

"स्ट्राइक तीन," बसवप्रभु सर म्हणाले. आवाज फार बारीक होता, तरी ऐकू आला.

कलबुर्गीच्या पोरी रत्नम्माच्या अंगावर उड्या मारायला लागल्या. प्रतीक्षा तिसऱ्या बेसवरच खाली बसली. मी सरांकडं वळले. "तुमीच म्हणलात की, सर. हालले की मी." सरांनी जाळी काढली. "लागला नाही, बाळ. प्लेटवरून गेला." त्यांचा निवाडा दोन्ही वेळा बरोबर होता, हेच मला सोसवत नव्हतं. चुकले असते तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या.

अप्पा घोंगडं खांद्यावर टाकून दोरीखालून आत आला. खेळातलं त्याला काही कळत नाही. त्यानं माझी बरगडी अंगठ्यानं हळूच दाबून बघितली, मोडली नाही याची खात्री केली. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून माझे केस मागं सारले.

"पयल्यांदा लागला तवा किती ब्येस उभारली व्हतीस," तो म्हणाला. "मग आता कामून हाललीस गं?"