मामा माझ्यावर बसले म्हणून

मी एक जुनी बल्ली आहे, म्हणजे सरळसोट लाकडी वासा. उंची दहा फूट. वय विचारू नका, आमच्या धंद्यात उंचीच विचारतात. घराचं छत ओततात तेव्हा ओल्या काँक्रीटला स्वतःचा भार पेलत नाही. ते घट्ट होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, फळ्यांखाली ताठ उभं राहून त्याला तोलून धरायचं, हे माझं काम. छत पक्कं झालं की मला काढतात. नव्या घराच्या एकाही फोटोत मी नाही, बघा हवं तर.

मित्रांनो, मुळात मी निलगिरीचं झाड. आठ वर्षं वाऱ्यावर डोलले आणि एका सकाळी कुऱ्हाड आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग साल निघाली, उन्हात वाळले आणि सुतारमामांच्या आवारात येऊन पडले. मामा छताचा साचा उभारतात. काम झालं की ते माझे खिळे उपटायचे, अंगावरचं सिमेंट खरवडायचे आणि ओल लागू नये म्हणून मला विटांवर आडवं ठेवायचे. बल्ल्यांची डोकी त्यांनी उंचीप्रमाणे रंगवली होती. दहा फुटी लाल, साडेसात फुटी पिवळ्या. कुठे थोडी कमी पडली तर खाली ठोकळा द्यायचा, पाचर मारायची, पण करवतीला हात लावायचा नाही. अशी एकोणतीस छतं पेलली मी. सहा वर्षांत मामांनी एकही नवी बल्ली आणली नव्हती आणि हे ते भेटेल त्याला ऐकवायचे.

माझ्या शेजारच्या झाडाचीही बल्ली झाली आणि ती दुसऱ्या सुताराकडे गेली. तिथे छत बुटकं असलं की काप, अजून बुटकं असलं की अजून काप. चार कामांनंतर ती बिचारी मला दिसली ती डांबराच्या पिंपाखाली, जळताना. तेव्हापासून करवत दिसली की मला डांबराचा वास येतो.

गेल्या वर्षी मामांचे जावई त्यांच्याबरोबर काम करू लागले. मेहनती माणूस, पण आजवर वापरले ते सगळे लोखंडी टेकू. त्यांचं बरं असतं, पेच फिरवला की उंची कमी-जास्त! पहिल्याच आठवड्यात गाडी ठेवायच्या बुटक्या खोलीचं काम आलं. जावयांनी ढिगातून सगळ्यात वरची बल्ली ओढली. ती मी. दोन ठोकळ्यांवर मला आडवं टाकलं, साडेसात फुटांवर पेन्सिलीची रेघ मारली आणि करवत उचलली.

"जावईबापू, कापताय वाटतं?" मामांनी खुर्चीतून विचारलं.

"हो मामा. दुपारपर्यंत वीसच्या वीस उरकतो."

"वा वा. तसं... ठीकच आहे म्हणा."

ठीक? अहो मामा! एरवी गवंड्यांना फैलावर घेणारा हा माणूस जावयासमोर मांजर झाला होता. जावयाला बोलायचं कसं? सोमवारी एका परिचारिकेच्या घराचं छत ओतायचं होतं, पूर्ण दहा फुटांवर. ती बाई मुलांना घेऊन वर्षभर बहिणीकडे दाटीवाटीनं राहत होती. आम्ही वीसजणी आखूड झालो असतो तर तिचं काम अडलं असतं, आणि आमच्या जागी वीस नवी झाडं पडली असती. मामांना हे सगळं ठाऊक होतं. तरी ते खुर्चीत नुसते चुळबुळत राहिले.

मग मामा उठले आणि सरळ येऊन माझ्यावर बसले. नेमके रेघेवर!

"पाठ भरून आली हो. जरा टेकतो."

"खुर्ची इकडे आणू का?"

"नको, इथं छान वाटतंय."

छान कसलं डोंबलाचं! माझी गाठ त्यांना टोचत होती. जावयांनी करवत खाली ठेवली, मान पुसली, पुन्हा उचलली.

"मामा, जरा उठता का?"

"हो हो, उठतो की."

उठले मात्र नाहीत. आता सासऱ्याला हात धरून उठवायचं कसं? एकाला बोलता येईना, दुसऱ्याला उठवता येईना आणि मी मधल्यामध्ये गारठले होते.

तेवढ्यात मामांची मुलगी जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं वडिलांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, खुर्ची सोडून बल्लीवर काय बसलात?"

"सहज गं."

"सहज? आणि अहो, तुम्ही लाल डोक्याची कापायला घेतलीत? आखूड हवी तर पिवळी घ्यायची. मागे ताडपत्रीखाली ढीग पडलाय!"

जावयांनी ओशाळून करवत ठोकळ्याला टेकवली. "रंग उंचीसाठी आहेत? मला वाटलं, मामांना हौस आहे." मग ते मामांकडे वळले. "मामा, मला सांगायचं नाही का? मी काय पाहुणा आहे? वीस बल्ल्या गेल्या असत्या माझ्या हातून! पुन्हा असे गप्प बसलात तर मी उद्यापासून येणार नाही."

मामा कंबर धरून हळूच उठले. "बरं, मग ऐका. ती करवत अशी तिरकी उभी करतात होय? पातं वाकेल ना! अक्कल गहाण ठेवलीत काय?"

मग जावई खो खो हसत सुटले, मुलगीही हसली आणि मामांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! मी? मी हुश्श केलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना मी शाबूत होते.

सोमवारी त्या परिचारिकेच्या घरात उभी राहिले. दुपारी वरून काँक्रीट आलं, सगळा भार माझ्या डोक्यावर उतरला आणि मला फार फार बरं वाटलं. खाली ती बाई मुलांना दाखवत होती, कोणाची खाट कुठे येणार ते.

मित्रांनो, आमचे खिळे काढा, आम्हाला ओलीपासून जपा, म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं कामाला येऊ आणि तेवढी झाडं रानात उभी राहतील. आणि कोणी चुकीच्या जागी करवत लावताना दिसलं तर भीड बाजूला ठेवून लगेच सांगा. प्रत्येक बल्लीवर येऊन बसायला मामा थोडेच मिळणार आहेत!